सव्वीस इंच

उमरेडच्या खाणीत बत्तीस वर्षं
मी खोली मोजली.
कोळशाचा थर कुठे संपतो, दगड कुठे लागतो,
इंचाचा फरक पडला की रात्री झोप यायची नाही.

आणि हे दार.
लिलावात जुनी रुग्णवाहिका घेतली,
आत पलंग बसवला, शेगडी, पाण्याची टाकी,
खिडकीला निळा पडदा,
पत्र्यावरची लाल फुली आठवडाभर स्वतः खरवडली.
जमिनीपासून पंधरा इंचांवरची ती एकुलती पायरी मात्र
होती तशी राहू दिली.
स्ट्रेचर उचलणाऱ्यांसाठी होती ती.
चालत येणाऱ्याचा विचार
कुणी केलाच नव्हता तिथे.

सिंधू खिंडसीला उतरली नाही.
नवेगावला उतरली नाही.
चिखलदऱ्याला धुकं पार दाराशी आलं,
तेव्हा कपबशी मांडीवर घेऊन म्हणाली,
"इथूनच छान दिसतं."
मी डायरीत लिहिलं:
हिला गाडी फार आवडलेली दिसते.

मग पारशिवनीच्या पंपावर
प्लास्टिकचं स्टूल सरकलं.
मी हवा भरून घेत होतो.
तिने मला हाक मारली नाही,
दाराची दांडी धरून लोंबकळत राहिली,
पेट्रोलवाला पोरगा धावला.

वाडी नाक्यामागे, ट्रकांच्या रांगेत,
सलामत मिस्त्रीचं शेड.
मे महिना. कूलर नुसताच गरम वारा फेकणारा,
पान्याला हात लावला तर चटका.
मी आलेखकागदावर नकाशा काढून नेला होता,
बाजूने, वरून, समोरून,
कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं.
त्याने पाहिला, घडी घातली, वारा घेतला त्याने.
"हे त गाडीचं माप झालं जी.
चढते कोन?"
मी सांगितलं.
"मंग त्याईले आना."

दुसऱ्या दिवशी ती शेडच्या खांबाला धरून उभी.
"पाय उचला बाई. दुखलं का थांबा."
चप्पल बोटांवर लटकलेली, पाय वर चाललेला,
चार, पाच, सहा.
मी टेपकडे पाहत होतो.
मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे.
साडेसहाला त्याने खांबावर खडूची रेघ मारली.
"कवापासून हाय हे?"
"सहा वर्षं झाली," ती म्हणाली.

त्याला म्हणाली.
मी तिथेच होतो, हातभर अंतरावर,
हे माप मला कुठेच लिहिता येईना.

"सव्वीस इंचाची फरशी," मिस्त्री बोटं मोडत होता,
"साडेसाहाचे चार डाव. तीन पायऱ्या लागतीन,
चौथ्यांदा पाय उचलला का घरात."
चौकोनी पाइप कापला, चेकर प्लेट,
ठिणग्या पाहू नका म्हणाला, तरी तिने पाहिल्या
पदराआडून.
तीन पायऱ्या, घडी होऊन गाडीच्या पोटाखाली जाणाऱ्या,
कडेला पिवळी पट्टी, रात्री दिसावी म्हणून,
आणि तिच्या उजव्या हाताला, तिच्याच कोपराच्या उंचीवर,
एक दांडी. तिचे पैसे त्याने लावले नाहीत.
वर एक बझर:
पायऱ्या खाली असताना चावी फिरवली तर ओरडतो.
"इसराल तुमी," म्हणाला. माझ्याकडे पाहून.

आज गोरेवाड्याला पहाटे उठलो.
तलावावर अजून ऊन नव्हतं.
चहा झाला, भांडी विसळून झाली,
निघू म्हटलं, ऊन चढायच्या आत घरी.
चावी फिरवली आणि बझर सुरू.

मागे वळलो.
पलंगावर चादर घडी करून ठेवलेली.
पडदा हलतोय.
ती बांधावरून पार पलीकडे गेली आहे,
हळू, पण कुणाला न विचारता,
पाठमोरी, एका पाणकावळ्यापाशी थांबलेली.
तो पंख पसरून बसलाय, उडत नाही, तीही हलत नाही.

चावी उलटी फिरवली की बझर बंद होतो,
मिस्त्रीने दाखवलं होतं.
मी हात तसाच ठेवला.
ओरडू दे थोडा वेळ.