पेटीतल्या माश्या

वेलेन्येत त्या हिवाळ्यात दोनच पक्ष होते,
आणि त्यांतला एकही निवडणुकीला उभा राहत नव्हता:
स्पेक्ट्रमवाले आणि कमोडोरवाले.
शाळेमागच्या भिंतीवर खडूने भांडण चालायचं,
रबरी बटणं की खरी बटणं,
आठ रंग की सोळा.

माझा भाऊ बोरुत कमोडोरचा.
कधी हातही न लावलेल्या यंत्रापायी
त्यानं पुढचा एक दात गमावला होता.

मला गणितासाठी हवं होतं. म्हणजे, मी तसं सांगायचे.
आईला सहकारी संस्थेच्या मधाचा हिशोब लावायचा होता:
बाराशे बरण्या, आणि दर मोजणीत चौदा कमी.
बाबा खाणीतून यायचे, कानांतला कोळसा धुवायचे,
मग टेबलावर मासिकाचं ते पान पसरायचे.
दोन रकाने, शेजारी शेजारी.
बोट ठेवून एकेक आकडा वाचायचे,
जणू पत्रिका जुळवताहेत.
"अभ्यासाला हे. कामाला ते. आणि खेळाला..."
"खेळाला पाहिजेच का?" आई स्वयंपाकघरातून.
बोरुत गप्प.
असा गप्प, की काट्याचमच्यांनाही ऐकू जावं.

"एकच येईल," बाबा म्हणाले,
"सीमेवर घाम एकदाच फुटू शकतो माणसाला."

शनिवारी पहाटे चारला ते त्रिएस्तेला निघाले,
शिवणाच्या डब्यात साठलेले जर्मन मार्क मोज्यात,
मागच्या सीटवर मधमाश्यांची रिकामी पेटी.
येताना ती रिकामी नव्हती.

"यात काय?"
"माश्या."
"जानेवारीत?"
"झोपल्यात."
जकातवाल्यानं टोपी काढली,
पेटीला कान लावला,
आणि बराच वेळ तसाच राहिला.
"येतोय आवाज," म्हणाला. "जा."
हे बाबा पुढे तीस वर्षं सांगत राहिले
आणि दर वेळी त्याच जागी थांबायचे:
त्याला काय ऐकू आलं असेल?

पेटीतून निघालं ते
ना स्पेक्ट्रम होतं, ना कमोडोर.
दुकानदारानं निम्म्या किमतीत गळ्यात मारलेलं तिसरंच काही,
"तिघांनाही चालेल" म्हणून.
त्याचं नाव सांगून उपयोग नाही,
कंपनी ईस्टरच्या आत बुडाली.
गावात त्याची एकही कॅसेट नव्हती.
आमच्या भाषेतली टोपीवाली अक्षरं त्याला येत नव्हती,
त्यामुळे हिशोबात निम्मी गिऱ्हाइकं बोडकी छापली गेली,
आणि चौदा बरण्या कमीच राहिल्या.
बोरुत पहिल्या रात्री रडला,
दुसऱ्या दिवसापासून मित्याच्या घरी राहायला लागला म्हणा ना.

उरले मी आणि सूचनांचं पुस्तक, इटालियनमधलं.
कुणी खेळ देईना, म्हणून मी एक लिहिला:
वरून ठिपके पडायचे, खाली पेटी सरकवायची.
इतकंच. पंधरा मिनिटांत कंटाळा यायचा.
मार्चमध्ये एकदा बोरुत आला,
कोट न काढता तीन डाव खेळला,
"फालतू आहे," म्हणाला, आणि चौथा मांडला.

शनिवारी रात्री रेडिओवर प्रोग्राम लागायचे,
निवेदिका म्हणायची, आता टेप सुरू करा,
मग चार मिनिटं नुसती किंकाळी आणि खरखर,
सगळी त्यांच्याच यंत्रांसाठी. आमच्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे.
तरी आम्ही दोघं ते टेप करायचो,
खोलीचं दार लावून, श्वास रोखून,
म्हणजे मध्ये खोकला यायला नको.

परवा बोरुतचा फोन आला, ग्राझहून.
त्याच्या मुलीला लॅपटॉप घ्यायचाय,
कॉलेजला हा, कामाला तो, आणि खेळायला तिसरा,
"तू या धंद्यातली, तू सांग."
मी किंमती विचारत होते.
मध्येच त्यानं जीभ दातांवर टेकवून
ती किंकाळी काढली, अगदी तंतोतंत,
खरखरीसकट,
आणि मी, काय सांगू,
खोकला दाबून धरला.