नातं : इतर

घाटंजीच्या पुढं, जिथं डांबर संपून मुरूम लागतो,
तिथं माझं सेतू केंद्र. एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन,
आणि एक कूलर, ज्यात आज पाणी नाही.
तेंदूपत्त्याचे दिवस. पानं खुडून खुडून
बायांच्या बोटांवरच्या रेघा पुसल्यात,
आयुष्मान कार्डासाठी मशीन त्यांना ओळखत नाही.
मी म्हणतो, पदराला पुसा, परत दाबा.
मशीन म्हणतं, परत दाबा.

आनेलीचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला असता,
पण तिचा अंगठा कुणी मागितलाच नाही.
तिला मागितला कागद.
एस्टोनियाची पोरगी, अकोल्यात वर्षभर शेतीचं शिकली,
आता बायांच्या गटाच्या बियाणं-कोठीवर
काम करत राहायचं म्हणते.
जिल्ह्याचा साहेब म्हणाला, राहा ना,
पण आजारी पडलीस तर पैसे कोण भरणार
ते आधी दाखव.

तिच्याजवळ निळं कार्ड होतं.
तिकडं देशोदेशी चालतं, म्हणाली, दवाखान्यात नुसतं दाखवायचं.
मी उलटंपालटं करून पाहिलं.
एवढ्या देशांना मिळून एक वेस,
आणि आपण इथंही वेशीबाहेरचेच.

तर मग अर्ज उघडला.
आडनाव : तम्म. म्हणजे ओकाचं झाड, ती म्हणाली.
ओक कसा असतो ते कुणालाच ठाऊक नाही.
गिरजाबाई पेंदोर दारातून म्हणाली, मोह समज नं बाप्पा.
पत्ता : द्वारा गिरजाबाई पेंदोर.
आधीचे आजार : लहानपणी दमा.
मी हळूच म्हटलं, गाळ ते, हप्ता वाढेल.
तिनं गाळलं नाही. हप्ता वाढला.

साप चावला तर? तिनं विचारलं.
मी बारीक अक्षरं वाचली,
चोवीस तास भरती राहिलं तर मिळतात.
गिरजाबाई हसली. मण्याराले सांगून ठेवा मंग.

कॅशलेस दवाखाना सगळ्यात जवळचा : नागपूर.

मग ती ओळ आली. मी तशीच वाचली, मराठीत करत करत :
मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च.
विमानानं. पेटीसकट. कागदपत्रांसकट.
गिरजाबाईनं विचारलं, कोनाचा खर्च?
कंपनीचा.
मेल्यावर बी गाडीभाडं?
हो.
ती उंबऱ्यावर बसली.

दौलत तिचा. तेलंगणात बोअरच्या गाडीवर होता.
त्याला आणायला पिकअपवाल्यानं अकरा हजार घेतले,
तेही गावानं गोळा केले, पन्नास-पन्नास, शंभर-शंभर.
बर्फाच्या लाद्या पैनगंगेच्या पुलापर्यंतही टिकल्या नाहीत.
हे तिनं सांगितलं नाही. मीच त्या पिकअपमध्ये मागं बसलो होतो,
पाय वर घेऊन, पाणी वाहत होतं म्हणून.

आनेलीला यातलं काय कळलं ते माहीत नाही.
तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

शेवटचा रकाना : भारतात संपर्कासाठी व्यक्ती.
माहा नंबर टाक, गिरजाबाई म्हणाली,
आणि पाठ असलेला नंबर एक एक आकडा करून सांगितला,
शेवटचा आकडा दोनदा.
नातं?
यादी खाली ओढली. आई, वडील, पती, पालक, नियोक्ता.
मी दोघींकडं पाहिलं.
काऊन थांबला? गिरजाबाई म्हणाली.
मी 'इतर' वर टिचकी मारली.

पहिलं पान निघालं, दुसरं अर्ध्यात असताना लाइन गेली.
प्रिंटरच्या जबड्यात कागद, वर फक्त कंपनीचं नाव
आणि हप्त्याची रक्कम, बाकी कोरं.
तिघंही वाट पाहत बसलो. बाहेर बकरी
कूलरची वाळलेली जाळी चघळत होती.

उद्या सहा दहाच्या एसटीनं दोघी यवतमाळला जाणार.
तुझं काय काम तिथं, मी गिरजाबाईला विचारलं.
साहेबानं नातं इचारलं तर
सांगाले कोनी पाह्यजे नं, ती म्हणाली,
आणि परत एकदा, उगाचच,
मशीनवर अंगठा ठेवून पाहिला. लाइन नव्हती.