अकरा सेकंद

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत
भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, दोनशे चाळीस.
तिथं ते गाणं झालं.
सेलूच्या ठेसनाकडं जाताना डाव्या हाताला,
झेरॉक्स, आधार, रिचार्ज,
आणि खाली बारीक अक्षरात : रेकॉर्डिंग.

मुंजाजीला हलगी शेकायची होती.
मी म्हणलं, आत जाळ नको, ट्रे पेटतील.
मग त्यानं रस्त्यावर पेपर पेटवला.
पेपरात साहेबांच्या निवडीची पानभर जाहिरात होती.
हे मुद्दाम सांगत नाही,
हाताला आलं ते जळलं.

गाणं तसं साधंच.
बोरगव्हाणच्या पोरी दुधना ओलांडून शाळेला जातात
थर्माकोलच्या चप्पूवर, दप्तर डोक्यावर धरून,
आणि पुलाचे नारळ आत्तापर्यंत तीन फुटले.
पहिल्याचं खोबरं कुणी खाल्लं,
दुसऱ्याचं पाणी कुणाच्या बुटावर सांडलं,
तिसरा नासका निघाला तर दोष कुणाचा,
झाडाचा का फोडणाराचा.

मग हलगी थांबते,
आणि त्याची पुतणी, सातवीतली,
गावाचं नाव घेते, नदीचं घेते, मग चप्पूवरच्या पोरींची :
गंगासागर, रुख्साना, शिवकांता,
परत एक गंगासागर.
निस्ती नावं. चाल नाही.
बाईंनी हजेरी घ्यावी तशी.
अकरा सेकंद.

आठ दिवसांत मानवत, पाथरी, जिंतूर.
हळदीत वाजलं, काळीपिवळीत वाजलं,
चाकणला कामाला गेलेल्या पोरांनी
कंपनीच्या बसमध्ये वाजवलं आन्
ड्रायव्हरनं विचारलं म्हणे, कुठंय हे बोरगव्हाण?
एका चॅनलवाल्यानं मुंजाजीपुढं दांडकं धरलं :
तुमचा पक्ष कोणता?
पल्याडचा काठ, म्हणला.

मग साहेबांची माणसं आली.
रागावली नाहीत. तेच अवघड झालं.
चहा त्यांनीच सांगितला, माझ्या पोऱ्यालाबी दिला.
म्हणले, पाशाभाई, चाल एक नंबर.
साहेबांना लई आवडली, वाढदिवसाच्या मिरवणुकीत घ्यायचीय.
फक्त ती मधली हजेरी.
नाचताना पाय अडखळतात तिथं.

पाकीट झेरॉक्सच्या काचेवर ठेवलं,
वरून झाकण लावलं आन् गेले.

मी कापलं.
हलगीला हलगी जोडली.
सांधा ऐकू येत नाही,
कामात मी पक्का आहे.

काल मिरवणूक निघाली. ट्रकवर सोळा बेस,
ठेसन रोडच्या सगळ्या काचा थरथरल्या, माझीबी.
ट्रकपुढं नारळ फुटला.
चौथा धरायचा का, माहीत नाही.
साहेब फेटा सावरत दोन पावलं नाचले
बरोबर त्याच ओळीवर, खोबरं कुणी खाल्लं.
लोक हसले. साहेबबी हसले.
कुणाला काही लागलं नाही.

तेवढ्यात मुंजाजी दुकानात आला.
रिचार्ज मारायचा होता.
मी नंबर टाकत राहिलो, दोनदा चुकला.
त्यानं काही विचारलं नाही.
काउंटरच्या काचेवर बोटांनी ट्रकच्या जोडीनं ठेका धरला,
उलसाच, सवयीनं.
सांधा आला.
ट्रक तसाच पुढं गेला.
त्याची बोटं थांबली.
ओठ हलत होते.

मग बोटं परत सुरू झाली.
ट्रक चौकात वळला तरी तो वाजवीत होता,
अकरा सेकंद मागं,
आन् ते अंतर काही केल्या भरून निघंना.

पाकीट अजून तिथंच आहे.
सातबाऱ्याची झेरॉक्स मागायला कुणी आलं
की मी म्हणतो,
मशीन बंद आहे.