पाणी मानवणं

पहिले बारा निऑन टेट्रा
आठवड्यात गेले.
दुकानातला गोलू भिया म्हणाला होता,
"डाल दो दीदी, कुछ नहीं होता."
टाकी घासूनपुसून लख्ख, नळाचं पाणी ताजं,
प्रत्येकाच्या कुशीत निळी रेघ पेटलेली.
चौथ्या दिवशी ते वर येऊन तोंडं उघडू लागले
आणि मला वाटलं, भूक लागली असेल.
आणखी चिमूटभर टाकलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले.
सारंगने बाराही जणांना नावं ठेवली होती,
चांगल्या अर्थाने.

स्वच्छ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे,
स्नेहलतागंजातले पागेकाका म्हणाले,
आणि आपल्या जुन्या फिल्टरचा मळका स्पंज
न पिळता, ओलाच, डब्यात घालून दिला.
"विरजण समजा.
लावलं की भांडं हलवायचं नाही."

सहा आठवडे टाकी रिकामी.
हीटर सव्वीसवर, बुडबुडे चालू,
आत दगड आणि एक हिरवं पातं.
रोज चिमूटभर खाणं टाकायचे,
कुणी नसलेल्या घरात नैवेद्य दाखवावा तसं.
दुनाखेवहिनी डोकावून विचारायच्या, "मासे कुठायत?"
"पाणी शिकतंय," मी म्हणायचे.
त्या सारंगकडे बघायच्या.

दिवसभर लॅबमध्ये लोकांची साखर मोजते,
रात्री ओट्यावर टाकीचं पाणी:
थेंब मोजून घाल, हलव, पाच मिनिटं थांब.
हिरवं म्हणजे विष, पिवळं म्हणजे बरं.
महिनाभर हिरवंच.
मग पोपटी. मग दुसऱ्या नळीत जांभळ्याचा नवाच घोळ.
आणि एका मंगळवारी, कुकरची शिट्टी होत असताना,
एक नळी पिवळी, एक आकाशी.
फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं: नॉर्मल.
खाली सवयीने सही केली.

लग्न होऊन यवतमाळहून इंदूरला आले तेव्हा
जो तो एकच विचारायचा, "पाणी मानवलं का?"
मी हो म्हणायचे.
तीन महिने केस गळत होते.

नर्मदा तरी कुठे इथली?
पंपांनी ढकलत, घाट चढवून आणलेली,
एक दिवसाआड पहाटे येते
अंगाला क्लोरिनचा वास घेऊन.
तिलाही बादलीत एक रात्र
नुसतं बसू द्यावं लागतं.

या वेळी सहाच आणले.
पिशवी टाकीत तरंगत ठेवली, दिवा बंद,
दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी पिशवीत.
"सोड ना आता," सारंग.
"थांब."
पाऊण तास
मी एका प्लास्टिकच्या पिशवीजवळ बसून होते.
माणसाजवळ इतकं कधी बसले होते, आठवेना.

आज अकरावा दिवस.
मोजले: पाच.
पुन्हा मोजले: पाच.
सारंग काही बोलला नाही. मीही नाही.
मग फिल्टरच्या मागून सहावा आला,
रेघ जरा फिकी, पण चालू.
त्याने तोंड उघडलं, मिटलं.
मी डब्याकडे हात नेला
आणि मागे घेतला.

उद्या पाण्याचा दिवस. पाचला नळ येईल.
बादली धुऊन दाराशी ठेवली आहे.