दोन स्टॉप कमी

विजापूर रोडच्या वनविहारात साडेसातनंतर
फिरायला आलेले लोक परतू लागतात,
आणि मी करंजाखाली ट्रायपॉडचे पाय रोवतो.

मल्लिनाथ कोरे, वनमजूर, हातात खराटा,
लेन्सच्या रोखाने थोडा वेळ बघतो.
"मोर हाय का तिकडं?"
नाही.
"मग काय काढायलाय ओ?"
ऊन, मी म्हणतो.
तो खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकतो.
"सोलापुरात उन्हाचा दुष्काळ पडलाय व्हय?"

खरंय त्याचं.
चैत्रात या गावावर कुणीतरी ऊन पोत्यानं ओततं,
डांबराला चप्पल चिकटते,
दुपारी नळ सोडला तर हात भाजतो.
त्या उन्हाचा फोटो येत नाही,
येतो फक्त पांढरा कागद.
इथं मात्र कडुलिंबातून, शिसवीतून
गाळून, सुटं करून आणलेलं ऊन
चिल्लर सांडावी तसं पाचोळ्यावर पडलंय.
वारा आला की सगळी नाणी एकदम जागा बदलतात
आणि माझा हिशेब चुकतो.

कॅमेऱ्याला सरासरी हवी असते.
उजेड धरला की सावलीचं डांबर होतं,
सावली धरली की कवडशाच्या जागी भोक.
दोन स्टॉप कमी करतो.
एक परत वाढवतो.
एक खार येऊन जाते, तिचं शेपूट फक्त येतं.

आमच्या पूर्व भागातल्या शेडचा पत्रा
खिळे उपटून उपटून चाळण झाला होता.
नान्ना घड्याळ बांधत नसत.
चौथ्या मागावरचा कवडसा
त्यांच्या डाव्या खांद्यावर चढला की चहा,
बॉबिनच्या पेटीत उतरला की भाकरी.
सुताच्या भुरक्यात उजेडाच्या तिरप्या काठ्या दिसायच्या,
मी त्या धरायला जायचो, अम्मा ओरडायची, माग चालू आहे.

एकदा ग्रहण लागलं.
अम्मानं दार लावून घेतलं, पाण्यात तुळस टाकली.
आणि पत्र्यातून खाली पडल्या चंद्रकोरी,
फरशीवर, कांडीवर, निम्म्या विणलेल्या चादरीवर,
नान्नांच्या बनियनवर सुद्धा.
वीज असताना त्यांनी माग थांबवलेला
मी तेवढा एकदाच पाहिला.
म्हणाले, बघ रे, भोकं कशीही असू देत,
वरचा आपला आकार सोडत नाही.
याला काय म्हणतात ते मला
स्टुडिओ टाकल्यावर कुठं कळलं.
सांगायचं राहून गेलं.

आता वर बघतो. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या,
खाली प्रत्येक चकती गोल.
पाचोळ्यावर हजारभर सूर्य.
करंज सकाळपासून फोटो काढतोय,
एकही ठेवून घेत नाही.

"माझाबी एक काढा," कोरे म्हणतो,
"पेन्शनच्या कागदाला लागतोय."
अशोक चौकातल्या दुकानात माझी पाटी आहे:
दोन्ही कान दिसावेत, मागे पांढरा पडदा.
किती चेहऱ्यांवरची सावली पुसली असेल मी
तिथल्या खुर्चीवर बसून, वीस रुपयांत.

तो खराटा बाजूला ठेवतो,
टोपी काढतो, केसांवरून हात फिरवतो.
भुवईवर एक कवडसा, गालावर एक,
तिसरा ओठाच्या कोपऱ्यात हलतोय.
सरका थोडं, असं म्हणणार होतो.
बटण दाबलं.

स्क्रीनवर वाकून तो बराच वेळ बघत राहतो.
"अर्धाच आलोय की ओ."
मग कागदासाठीचा दुकानात काढू, मी म्हणतो, संध्याकाळी या.
"येतो," तो म्हणतो, खराटा उचलतो.
चार पावलं जाऊन मागे वळतो:
"ह्यो बी धुवून ठेवा पण."