पथारी

नंदुरबारात पथारी म्हणजे अंथरूण नव्हे.
गावाबाहेर, दोंडाईचा रस्त्याला,
नजर जाईल तिथवर वाळत घातलेली मिरची
आणि कडेला गोणपाटावर बसून
देठ खुडणाऱ्या बाया.
माझी आई तिथे बसायची.
मी आता टॅब घेऊन जाते.

साठीपुढच्यांना नऊ प्रश्न विचारायचे,
प्रत्येकाला शून्य ते तीन गुण.
शाळेच्या उलट हिशेब: जास्त पडले की नापास.

ठगुबाई, वय किती?
'टाक तुले वाटीन ते.'
पासष्ट टाकलं.

गेल्या पंधरा दिवसांत
कामात रस वाटत नाही, असं किती दिवस?
ती हसली. 'मिरचीमा रस ऱ्हास का, बेन?
रस सुकना का मंग भाव येस.'

झोप?
रात्री हातांची आग होते. ताक लावते,
नाहीच थांबली तर पिठाच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घालून बसून राहते.

उगाचच रडू येतं का?
हे विचारून मी स्क्रीनकडे बघत राहिले.
तिचे डोळे गळत होते, शेजारणीचे गळत होते,
माझेही.
नवरा गेला त्या हंगामात ती इथेच बसली होती.
मुलगा बारडोलीला ऊसतोडीला गेला, त्याने नंबर बदलला,
त्याही हंगामात.
कुठलं पाणी कशाचं, इथे कोण ओळखणार?

नववा प्रश्न मी नेहमी हळू विचारते.
मेलेलं बरं, असं मनात येतं?
तिने मोठ्यानेच सांगितलं, देठ मोडता मोडता:
'ते ते रोजनं शे.'
पर्याय चौथा: जवळपास रोज. तीन गुण.

पथारी कनकमलशेठची.
त्यांनाही कुणीतरी हेच विचारलं,
सुरतेत, थंड खोलीत, दार लावून, तासभर.
त्यांच्या दुखण्याला नाव मिळालं,
नावाला गोळी, गोळीला डबी,
डबीला सात वारांचे सात कप्पे.
घरात सगळे हळू बोलू लागले.
मी चेष्टा करत नाही. एका पहाटे ते
गच्चीवर टाकीच्या कठड्याशी सापडले,
तेव्हापासून गच्चीची किल्ली सुनेच्या कमरेला असते.

डॉक्टर म्हणाले, माणसांत बसा.
म्हणून जानेवारीभर दहा वाजता गाडी यायची,
शेठ खुर्चीवर बसायचे, सावलीत, लांब.
एक दिवस उठले आणि
ठगुबाईच्या गोणपाटावर येऊन बसले.
मिरची उचलली. देठ मोडला. दुसरी. तिसरी.
दहाव्या-बाराव्या मिरचीला डोळे भरले,
मग खांदे हलायला लागले,
मग तोंडातून आवाज निघाला, लहान मुलासारखा.

एकाही बाईने मान वळवली नाही.
ठगुबाई एवढंच म्हणाली,
'डोयासले हात लावू नका, शेठ.'

अकराला गाडी आली.
ड्रायव्हर सांगत होता, आज पपाजी जेवले.

संध्याकाळी वजन झालं.
ठगुबाईच्या ढिगात निम्म्या मिरच्या मधूनच मोडलेल्या.
मुनीमने तुटीचे पैसे कापले.
ती काही बोलली नाही. मीही नाही.

तिचे एकवीस झाले. पट्टी लाल झाली.
जिल्हा रुग्णालय, मानसोपचार, मंगळवार.
'मंगयवारले?' ती म्हणाली. 'रोज कोन दी?'
मी 'पुढे पाठवले' वर बोट ठेवलं.
बोट उमटेना. पदराला पुसून पुन्हा ठेवलं.
टॅबने आभार मानले.

घरी येऊन हात धुतले, साबणाने, दोनदा.
चहा टाकला. उजेड जात होता.
आणि कसलाच विचार न करता
मी डोळे चोळले.