हातचे पंधरा

बुधवार. मुलं घरी गेलेली.
स्लेटच्या खाणीखालच्या आमच्या शाळेत
आम्ही मोठी माणसं छोट्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी.

नेरिसबाईंनी फळ्यावर सहा रकाने आखले:
पहिलीने काय सोडवायचं, सहावीने काय,
कोणत्या महिन्यात.
खडू कुठेही अडखळला नाही.

टेगिड शिपाई बादली बदलायला आला
(वेल्सचं आभाळ, आमचं छप्पर)
आणि रकाने वाचत तिथेच थांबला.
"पोरांसमोर तुम्ही शेवटचं कधी अडलात?"

थेंब तेवढे बोलत राहिले.

मला माबली आठवली, सहा वर्षांची.
गमबूट त्र्याहत्तर जोड, कप्पे अठ्ठावन्न,
तर उरलेले बूट रात्री कुठे राहतात?
वजाबाकी कर, म्हटलं होतं मी.
पंधरा, ती म्हणाली.
पण कुठे?

दिलिस स्वयंपाकघरातून हात पुसत आली:
"सूप रोज एक तर उरतं नाही तर पुरत नाही.
बारा वर्षं झाली. तेही लिहा."

नेरिसबाईंनी रकाने पुसले. बाहीनेच.
सोमवारी सगळ्या शाळेला एकच उदाहरण: ही बादली.
धाकटे थेंब मोजतील,
थोरले सांगतील, रात्रीत भरेल का.
आणि आपण?
आपण चुकायचं. मोठ्याने.
ताळा मुलं करतील.

पंधरा हातचे धरून मी निघाले.
दिवा लावून व्हरांड्यात वाकून पाहिलं:
बाकाखाली, एकमेकांत पाय घालून
झोपले होते
चौदा जोड.